तिसरा बिल्ला

बाजारात दोनच जातींची माणसं असतात असं व्यापारशास्त्र मानतं. एक विकणारी, दुसरी घेणारी. तिसऱ्या जातीची नोंद कुठल्याच वहीत सापडत नाही, पण ती असते आणि भरपूर असते. मंडपाची कनात पुरती वर व्हायच्या आत ती हजर होते. प्रत्येक गाळ्यासमोर थांबते, ठुशीची वीण निरखते, साडीचा काठ उलटा करून पाहते, पितळी गडव्याच्या पोटावर टिचकी मारून कान लावते, भाव विचारते, उत्तर ऐकून समाधानाने मान हलवते आणि पुढच्या गाळ्याकडे सरकते. तिच्या पिशवीत संध्याकाळी फार तर पावशेर शिंगाडे असतात. मी या जातीचा आहे.

त्यातून मी पुरुष. दागिन्यांच्या गाळ्यासमोर एकट्याने उभ्या असलेल्या पुरुषाबद्दल जग तीनच अंदाज बांधतं: लग्नाचा वाढदिवस विसरला असेल, घरी भांडण झालं असेल, नाहीतर चोर असेल. त्याला एकदाणी आणि बोरमाळ यांतला फरक डोळे भरून पाहायचा असेल, हा चौथा अंदाज कुणाच्या मनात येत नाही. आमच्या घरात दागिन्यांची हौस मला आहे, सौभाग्यवतीला मुळीच नाही. डोरलं आणि हातात दोन बांगड्या, एवढ्यावर तिचा शृंगार संपतो. हौस माझी, गळा तिचा, आणि ती गळा उसना द्यायला तयार नाही. त्यामुळे मला बाजार, प्रदर्शनं आणि जत्रा यांच्यावर भागवावं लागतं.

सुदैवाने मी भंडारा जिल्ह्यात राहतो. इथे दिवाळी संपली की मंडया सुरू होतात. भाऊबीज झाली की आज या गावची मंडई, उद्या त्या गावची, असं महिना-दीड महिना चालतं. हलका धान कापून झालेला असतो, हातात थोडा पैसा खुळखुळत असतो, आणि भारी धानाची कापणी अजून पुरती गळ्याशी आलेली नसते. त्या फटीत हा सगळा उत्सव बसवलेला आहे. गावातल्या लेकी माहेरी येतात, जावई येतात, व्याही-विहीण येतात. गोवारी बांधव ढाल घेऊन नाचतात. रात्री नाटक, नाहीतर दंडार, नाहीतर खडी गंमत. दिवसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पालं लागतात: जिलेबी, ऊस, तलावातले शिंगाडे, फुगे, आणि माझ्या कामाच्या वस्तू, म्हणजे बांगड्या, पोती, माळा, जोडवी, नथी.

मंडई हाच आमचा फॅशन शो. पॅरिसात त्यासाठी वेगळा चौथरा उभारून वेगळी माणसं चालवावी लागतात; इथे गावातला मुख्य रस्ता पुरतो आणि चालणारी सगळी घरचीच असतात. दिवाळीला घेतलेलं लुगडं, नवं शर्ट-पँट, मोठ्या बहिणीकडून एका दिवसापुरता मिळवलेला हार, हे सगळं त्या दुपारी रस्त्यावर येतं. पूर्वी अनेक सोयरिकी मंडईतच हेरल्या जात. त्यामुळे पाहणं हे इथे रिकाम्या माणसाचं काम समजलं जात नाही. मुलाची मावशी मुलगी पाहत असते, मुलीचा मामा मुलाचं घराणं पाहत असतो, शेजारीण दोघांच्याही अंगावरचं सोनं पाहून मनातल्या मनात वजन काढत असते. एवढ्या मोठ्या पाहणीत माझी बोरमाळेची छोटी पाहणी सहज खपून जाते.

निदान मला तसं वाटत होतं. बांगडीच्या पालासमोर मी जरा रेंगाळलो की हटकून विचारणा होते.

‘काजी, कोनाच्या हाताच्या पायजेत?’

‘कोणाच्याच नकोत. नुसता पाहतो.’

‘पाहाचे पैसे नाई लागत. पन जरा बाजूले व्हा ना जी, बायायले दिसून नाई राह्यलं.’

मी बाजूला होतो, पण जात नाही, कारण बांगडीवालीचा हात पाहण्यासारखा असतो. समोरच्या मुलीचा तळवा ती एकदाच दाबते आणि माप सांगते: दोन चार, दोन सहा, दोन आठ. हे शाळेतलं दशांश चिन्ह समजू नये. दोन चार म्हणजे दोन पूर्णांक चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच. दोन आठ म्हणजे अडीच इंच. इंचाचे सोळा भाग, जसे रुपयाचे सोळा आणे. १ एप्रिल १९५७ रोजी सरकारने नवे पैसे आणले आणि आणे कागदोपत्री संपले. बांगडीच्या धंद्याला तो निरोप पोचलाच नाही. स्मार्टफोनवर पैसे घेणारी मुलगीसुद्धा माप सोळांशातच सांगते. सोन्याचंही तसंच आहे. दुकानातला काटा ग्रॅममध्ये बोलतो, गिऱ्हाईक तोळ्यात बोलतं, आणि अस्सल तोळा साडेअकरा ग्रॅमपेक्षाही थोडा जास्त असला तरी बाजारात दोघांनी दहा ग्रॅमवर तह करून टाकला आहे. त्याच्याही मागे गुंज आहे: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. रानातल्या वेलीवरचं, एक काळा डोळा असलेलं ते लाल बी कधीकाळी मोठमोठ्या घराण्यांच्या इभ्रतीचं माप होतं. अशा गोष्टी विकत घ्यायच्या नसतात. पालाच्या बाजूला उभं राहून त्या फुकट मिळतात.

बांगडीच्या पालाला लागून बेन्टेक्सचं पाल असतं. खऱ्या सोन्याचा भाव ज्या गतीने वर गेला, त्याच गतीने या पालाची प्रतिष्ठा वाढली. पूर्वी खोटा दागिना घालणारी बाई तो खोटा आहे हे लपवत असे. आता ती पहिल्या वाक्यात सांगते, ‘बेन्टेक्सचा हाय, काई टेन्शन नाई.’ चोरापासून संरक्षण आणि नणंदेपासून मुक्ती, दोन्ही एका घोषणेत. आणि फॅशन इथे किती लवकर पोचते ते पाहावं. ‘बाजीराव मस्तानी’ २०१५ साली पडद्यावर आला आणि त्यातल्या काशीबाईची नथ बघता बघता पालावर लटकली. त्याआधी ‘जय मल्हार’ मालिकेने बानूची नथ आणली होती. ज्या बायकांच्या आज्यांनी नथ कधी घातली नव्हती, त्यांच्या नाकावर आता पेशवाई येऊन बसली आहे, आणि तीही चापाची, म्हणजे नाक न टोचता. इतिहासाच्या अभ्यासकांनी नाकं मुरडू नयेत. फॅशन सगळीकडे अशीच चालते: दुसऱ्याची आजी उसनी घ्यायची आणि आपली म्हणून मिरवायची.

आपली आजी मात्र कोशात होती. भंडाऱ्याला राहून कोशावर न बोलणं म्हणजे नागपूरला जाऊन संत्र्याकडे पाठ फिरवण्यासारखं आहे. मोहाडी, आंधळगाव या भागातल्या मागांवरचा कोसा, बाहेरचे ज्याला टसर म्हणतात, तो जिल्ह्याच्या प्रदर्शनांतही येतो आणि नागपूर-मुंबईच्या हातमाग प्रदर्शनांतही जातो. २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमाराला कुठे कुठे मंडप पडतात आणि माझ्यासारख्यांची सोय होते.

कोशाच्या गाळ्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण तिथे पाहण्यासारखं सर्वांत जास्त असतं आणि परवडण्यासारखं सर्वांत कमी. कोशाचा किडा घरात लाडाने वाढत नाही. रानातल्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर तो पाला खातो, आणि ढिवर समाजातली माणसं त्याची राखण करतात. पाखरं आणि मुंग्या त्याच्यावर टपलेल्या असतात. म्हणजे साडीचा पहिला कारागीर माग लावून बसलेला नसतो, तो रानात पाखरं हाकलत उभा असतो. मग कोश उकळायचे, धागा काढायचा, ताणा लावायचा. करवती काठाची गंमत तर विणकराच्या तोंडूनच ऐकावी. या साडीला तीन धोटे लागतात. मधल्या अंगाचा कोशाचा धोटा वेगळा, दोन्ही काठांच्या सुताचे दोन वेगळे. अंगाचा धागा काठात शिरत नाही आणि काठाचा अंगात उतरत नाही. सीमेवर येऊन दोघं एकमेकांत अडकतात आणि मागे फिरतात. त्या अडकण्याने जे दाते पडतात ती करवत. एकत्र कुटुंबाचं एवढं नेमकं चित्र मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही, पण हे मी घरी बोललो नाही.

एका प्रदर्शनात मी काठ उलटून पाहत असताना म्हाताऱ्या विणकराने मला थांबवलं. मी विचारत होतो जरीबद्दल.

‘जरीचं कायले पुसता जी? जर बाजारात भेटते. काठ पाहा. काठ भेटत नाई, इनावा लागते.’

मग त्याने स्वतः पदर उलगडला आणि काठाची उजवी बाजू, डावी बाजू, जोडाची जागा असं सगळं दाखवलं. मी घेणार नाही हे त्याला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. तरी तो दाखवत राहिला. शेजारच्या गाळ्यावर एक बाई दहा मिनिटांत तीन साड्या बांधून घेऊन गेल्या. त्यांनी एकही काठ उलटला नाही. कोणतं गिऱ्हाईक चांगलं, हे मी त्याला विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं, आणि ते माझ्या बाजूचं नव्हतं. पण त्याने मला ज्या आनंदाने जोड दाखवला, तो आनंद त्या बाईंच्या वाट्याला आला नाही, एवढं मात्र खरं.

आता जुन्याकडे वळू. शहरात ‘व्हिंटेज’ नावाची प्रदर्शनं भरतात. पंख्याखाली पांढऱ्या कापडावर एक तांब्या ठेवलेला असतो आणि त्याच्यावर दिवा सोडलेला असतो, जणू कुणा पुढाऱ्याचा सत्कार आहे. भंडाऱ्याच्या माणसाला हे पाहताना जरा अवघडल्यासारखं होतं, कारण हे गावच पितळेचं. इथल्या घरोघरी गुंड, कोपर, गंज, परात, घंगाळ यांची रांग लागलेली असे. मग स्टील आलं. स्टीलपुढे पितळ हरलं ते रूपामुळे हरलं नाही, कल्हईमुळे हरलं. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा मुलामा नसेल तर ताक, चिंच, आंबट वरण सगळं कळकतं. कल्हईवाला गल्लीत येईनासा झाला आणि भांडी आधी माळ्यावर, मग मोडीत गेली. किलोच्या भावाने.

माझ्या निरीक्षणाप्रमाणे वस्तूच्या आयुष्यात चार आश्रम असतात. पहिला नवेपणाचा, दुसरा वापराचा, तिसरा अडगळीचा, आणि चौथा अँटिकचा. तिसऱ्यातून चौथ्यात जायला साधारण एक पिढी लागते. सासूने जपलेला गुंड सून मोडीत घालते, आणि त्याच सुनेची मुलगी पुण्याच्या जुन्या बाजारात नाहीतर मुंबईच्या मटण स्ट्रीटवरच्या चोरबाजारात तसाच गुंड दसपट भावाने घेऊन येते आणि आईला दाखवते, ‘बघ, किती ऑथेंटिक!’ आई काय बोलणार? ती गुंडाकडे पाहते आणि त्या दिवशीचा मोडीचा भाव आठवते.

जुन्याच्या बाजारात हौशी माणसाला खरा मान असतो, कारण तिथे लबाडीही भरपूर असते. नव्या पितळेला रसायनाचा हात फिरवून ते शंभर वर्षांचं करून देणारे कसबी लोक आहेत. ओळखायची खूण सोपी आहे. खरी झीज हात लागतो तिथेच होते. कडीचा आतला भाग, तांब्याचा गळा, परातीची कड, समईची मान या जागा गुळगुळीत झालेल्या असतात आणि कोपऱ्या-खाचांत काळं राहिलेलं असतं. रसायनाला माणसाच्या सवयी माहीत नसतात. ते सगळीकडे सारखंच म्हातारपण आणतं.

पण मला जुन्या भांड्यांत सगळ्यात जास्त ओढ असते ती अक्षरांची. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली, डावीकडे जरा कलंडलेली अक्षरं: अमक्याच्या स्मरणार्थ, चि. सौ. कां. तमकीच्या लग्नानिमित्त मामाकडून, खाली सन. जुन्या बाजारात मी ही नावं वाचत फिरतो. एखाद्या मामाने कधीतरी कासाराकडे उभं राहून ‘मामाकडून’ हे शब्द नीट आले की नाही ते तपासून घेतलं असेल, कारण भांडं वऱ्हाडी मंडळींच्या हाती जाणार होतं आणि सगळ्यांनी ते वाचायचं होतं. भाचीचा संसार झाला, घंगाळ कुणाच्या हातून मोडीत गेलं, मोडीतून व्यापाऱ्याकडे आणि तिथून शहरातल्या एका हॉटेलाच्या दारात. आता त्यात मनीप्लांट आहे. हॉटेलात जेवायला येणाऱ्यांपैकी कुणी वाकून वाचत नाही. मी वाचतो. मामाने पैसे भरले होते ते कुणीतरी वाचावं म्हणून. तेवढं काम मी करतो. भांडं ज्यांच्या मालकीचं झालं त्यांपैकी कुणालाच ते जमलं नव्हतं.

तेव्हा पाहणारा हा फुकट्या आहे, हे मला मान्य नाही. दागिना काय, काठ काय, कोरलेलं नाव काय, या गोष्टी ज्याच्या अंगावर किंवा घरात असतात त्याला त्या दिसतच नाहीत. ठुशी गळ्यात घातली की घालणारीला आरसा लागतो. ती इतरांना दिसते. दागिन्याचा अर्धा धंदा मालकाच्या खिशात आणि अर्धा अनोळखी माणसाच्या डोळ्यांत चालतो, आणि हा दुसरा अर्धा सांभाळणाऱ्यांना कुणी कमिशन देत नाही.

मोठ्या व्यापारी मेळ्यांनी तर या जातीला दाराबाहेरच ठेवलं आहे. रत्ने व आभूषणे निर्यात प्रोत्साहन परिषद १९६६ साली स्थापन झाली. तिचं मुंबईतलं मोठं दागिना प्रदर्शन १९८४ पासून भरतं, आणि ते व्यापाऱ्यांसाठी आहे. नोंदणी, ओळख, गळ्यात बिल्ला असा सगळा बंदोबस्त. त्यात गैर काही नाही. कोट्यवधींचा माल मांडलेला असताना ‘नुसता पाहतो’ म्हणणाऱ्याला कोण आत घेईल? तरी मला अमेरिकेतल्या टूसॉनची गोष्ट आठवते. तिथे १९५५ साली हौशी लोकांच्या एका मंडळाने एका शाळेच्या उपाहारगृहात दगड आणि खनिजं मांडली. लोक पाहायला आले. आज हिवाळ्यात त्या गावाला रत्नांची जत्रा भरते. हॉटेलं अपुरी पडतात, आणि खोल्यांमधल्या खाटांवर चादरी पसरून व्यापारी खड्यांचे ट्रे मांडून बसतात. तिथल्याही काही दालनांना आता व्यापाऱ्याचा परवाना लागतो, पण मुळात ती जत्रा उभी केली दगडांच्या वेडापायी फिरणाऱ्या माणसांनी. व्यापारी नंतर आले. ते नेहमी नंतरच येतात. आधी कुणीतरी थांबून पाहावं लागतं.

हे तत्त्व मंडईतल्या बांगडीवालीला कुठलंही पुस्तक न वाचता ठाऊक आहे. पुढच्या एका मंडईत तिचं पाल रिकामं होतं आणि समोरच्या पालावर गर्दी उसळली होती. मी नेहमीप्रमाणे रेंगाळलो आणि सवयीने बाजूला व्हायला लागलो, तर तिने मला थांबवलं.

‘राहा ना जी उभे. तुमी पाह्यलं का दोन जनी येतेत.’

मी हिरव्या बिल्लोरी बांगड्यांचा एक डझन हातात घेऊन उजेडाला धरला, चेहऱ्यावर जाणकाराचा भाव आणला, आणि खरंच दोघी आल्या. त्यांच्यामागे त्यांच्या नणंदा आल्या. थोड्याच वेळात मला पुन्हा बाजूला व्हायला सांगण्यात आलं, पण या वेळी जरा आदराने.

तेव्हापासून माझी एक मागणी आहे, आणि प्रदर्शन भरवणाऱ्या सर्व संस्थांनी तिचा विचार करावा. आत येताना विक्रेत्यांना एका रंगाचा बिल्ला देतात, खरेदीदारांना दुसऱ्या रंगाचा. तिसराही असावा. त्यावर ‘पाहणारा’ एवढंच लिहावं. हा बिल्ला घातलेल्या माणसाला ‘काय दाखवू?’ असं कुणी विचारू नये, भाव सांगताना ‘तुमच्यासाठी कमी करू’ म्हणू नये, आणि गाळा रिकामा असेल तर त्याला सन्मानाने बोलावून दहा मिनिटं उभं करावं. मानधन नको. चहा चालेल. सौभाग्यवतीला मी ही योजना सांगितली, तर तिचं म्हणणं पडलं की माझ्यासाठी वेगळा बिल्ला छापायची गरज नाही. मी गाळ्यासमोर उभा राहिलो की लांबून कुणालाही कळतं.

तिचं खरं असेल. पण मागणी मी मागे घेत नाही. येत्या मंडईत ढाल निघायच्या आधी मी बांगडीच्या पालासमोर हजर असेन, आणि कुणाला पाल भरून हवं असेल तर त्याने वेळेवर कळवावं. तारखा भराभर संपतात.